पीसीवरचं मेल सर्व्हरचं सेटिंग स्क्रिप्टने काढायचंय, पण नेमकं कुठलं?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. नाशिकच्या अंबड एमआयडीसीतली एक कंपनी, पन्नासेक डेस्कटॉप, निम्म्यांवर आउटलुक आणि बाकीच्यांवर थंडरबर्ड. पुढच्या महिन्यात मेलचं होस्टिंग बदलायचंय, म्हणून आयटी बघणाऱ्या भाऊंना अशी स्क्रिप्ट हवीये की जी प्रत्येक मशीनवर चालेल आणि "या मशीनला मेल सर्व्हर कोणता टाकलाय" ते एका फाइलीत लिहून देईल. शिवाय रात्रीचा बॅकअप झाला की नाही याचा मेल टाकणारी एक जुनी स्क्रिप्ट आहे, तिलाही सर्व्हरचं नाव आपोआप कळावं असं त्यांचं म्हणणं. कोणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी डोमेनचं एमएक्स रेकॉर्ड काढलं, त्यातलं नाव स्क्रिप्टमध्ये टाकलं आणि कनेक्शनच होईना.

एमएक्सचं आधी मिटवून टाकू. एमएक्स रेकॉर्ड असतं बाहेरच्या सर्व्हरसाठी. पुण्याच्या व्हेंडरने तुम्हाला मेल टाकला की त्याचा सर्व्हर तुमच्या डोमेनचं एमएक्स बघतो आणि तिथे पोर्ट २५ वर मेल नेऊन देतो, बस. तुमच्या पीसीवरचं आउटलुक मेल पाठवताना एमएक्सकडे ढुंकूनही बघत नाही, ते ५८७ किंवा ४६५ वर युजरनेम पासवर्ड देऊन पाठवतं आणि ९९३ किंवा ९९५ वरून वाचतं. छोट्या होस्टिंगला हे सगळं एकाच सर्व्हरवर असतं म्हणून लोकांचं एमएक्सवर भागतं आणि तोच सल्ला फिरत राहतो. पण मध्ये स्पॅम फिल्टरची सर्व्हिस घेतलेली असली की एमएक्स त्या फिल्टरचं नाव सांगतं, आणि तिथे आयमॅप (सर्व्हरवरचा मेल वाचायची पद्धत) वगैरे काही नसतं. त्यात बरेच इंटरनेटवाले बाहेर जाणारं पोर्ट २५ बंदच ठेवतात. तुमचं घोडं बहुतेक या दोन्हीपैकी एका ठिकाणी अडलंय.

आता मुद्द्याचं. पीसीवर सापडतं ते फक्त एवढंच, की कधीतरी कोणीतरी तिथे काय टाईप केलं होतं. डीएनएसमध्ये (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी इंटरनेटची नोंदवही) सापडतं ते डोमेनवाल्याने काय जाहीर केलंय ते. आणि आज या मिनिटाला मेल कुठून येतोय ही तिसरीच गोष्ट. तिन्ही एकच असतील असं धरून चाललात तर होस्टिंग बदलायच्या दिवशी फोन वाजायचे थांबणार नाहीत. तुमच्या कामाला पहिली आणि तिसरी गोष्ट लागते. दुसरी फक्त ताडून बघायला.

आउटलुकपासून सुरू करू. जुनं डेस्कटॉप आउटलुक (क्लासिक म्हणतात आता त्याला) सगळं रजिस्ट्रीत (विंडोज सेटिंग साठवतं ती जागा, तिच्यातल्या फोल्डरला की म्हणतात आणि नोंदीला व्हॅल्यू) ठेवतं, करंट युजरच्या खाली. सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, ऑफिस, मग व्हर्जनचा आकडा, मग आउटलुक, मग प्रोफाइल्स. २०१३ असेल तर आकडा १५.०, २०१६ पासून पुढे २०१९, २०२१, ३६५ सगळ्यांना १६.० च. २०१० किंवा त्याआधीचं ऑफिस कुठे उरलं असेल (स्टोअरच्या पीसीवर हमखास उरतं) तर त्याची प्रोफाइल्स ऑफिसखाली नसतात, ती विंडोज एनटी, करंट व्हर्जन, विंडोज मेसेजिंग सबसिस्टिमच्या खाली सापडतात. प्रोफाइलच्या आत लांबलचक आकडे-अक्षरांच्या नावाच्या बऱ्याच की दिसतील, त्यातली ९३७५सीएफएफ० ने सुरू होणारी आपली. तिच्या आत ०००००००१, ०००००००२ अशा आठ अंकी सब-की असतात आणि प्रत्येकीत एक अकाउंट. आयमॅप सर्व्हर, पॉप३ सर्व्हर (मेल पीसीवर उतरवून घ्यायचा), एसएमटीपी सर्व्हर (मेल पाठवायचा), ईमेल अशा नावाच्या व्हॅल्यू तिथेच मिळतात. काही सब-की ॲड्रेस बुकच्या असतात, त्यात सर्व्हर नसतो, त्या सोडून द्यायच्या. पोर्टची व्हॅल्यू दर वेळी असेलच असं नाही, ती नसली म्हणून स्क्रिप्ट आपटायला नको.

इथे एक गंमत होते. काही व्हर्जनमध्ये सर्व्हरचं नाव साधी स्ट्रिंग म्हणून मिळतं, काहींमध्ये बायनरी. बायनरी असलं की पॉवरशेल (विंडोजमध्ये स्क्रिप्ट चालवायचं टूल) तुम्हाला १०९, ०, ९७, ०, १०५, ०, १०८, ० असे आकडे छापून दाखवतं आणि माणूस गोंधळतो की हे एन्क्रिप्ट केलंय की काय. तसं काही नाहीये. १०९ म्हणजे एम, ९७ म्हणजे ए, १०५ आय, १०८ एल, मधली शून्यं युटीएफ-१६ ची (अक्षर दोन बाइटमध्ये साठवायची पद्धत). म्हणजे नुसतं "मेल" लिहिलंय. तर स्क्रिप्टने आधी व्हॅल्यूचा टाईप बघायचा, बाइट्स असतील तर युनिकोड म्हणून उलगडायचं आणि शेवटचं शून्य छाटून टाकायचं. आणि हो, त्याच की मध्ये पासवर्डची व्हॅल्यूसुद्धा असते, एन्क्रिप्टेड असली तरी ती तुमच्या फाइलीत यायला नको. म्हणून अख्खी की डंप करू नका, हव्या त्या तीन-चार व्हॅल्यू नावाने मागा.

दोन ठिकाणी फसायला होतं. ऑफिस अपग्रेड झालेलं असलं तर १५.० खालची जुनी प्रोफाइल्स तशीच पडून असतात, स्क्रिप्ट ती पण उचलते आणि तुमच्या फाइलीत चार वर्षांपूर्वीचा सर्व्हर दिसतो. आणि एकाच व्हर्जनमध्ये दोन-तीन प्रोफाइल असतील (जुनी बिघडली म्हणून नवीन केली, जुनी काढलीच नाही, हे तर घरोघरी) तर आउटलुक की च्या खाली डिफॉल्ट प्रोफाइल नावाची व्हॅल्यू बघा, तिच्यात जे नाव असेल तेच चालू धरा. बाकीची काढा पण वेगळ्या कॉलममध्ये "चालू नाही" असं लिहून.

एक्सचेंज (मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर) किंवा ३६५ चं अकाउंट असेल तर वरच्या पद्धतीने सर्व्हरचं नाव शोधण्यात अर्थ नाही. एक्सचेंज २०१३ पासून प्रोफाइलमध्ये खऱ्या सर्व्हरऐवजी मेलबॉक्सचा लांब आयडी, मग ॲट, मग डोमेन असं दिसतं. ते नाव पिंग करायला जाल तर काहीच मिळणार नाही, ते डीएनएसमधलं नावच नाही. तिथे फक्त "हे एक्सचेंजचं अकाउंट आहे" एवढं नोंदवा, पुढचं ऑटोडिस्कव्हर (ईमेल पत्त्यावरून सेटिंग आपोआप शोधायची सोय) बघून घेतं. २०१६ पासून तर एक्सचेंजचं सर्व्हर नाव हाताने टाकायची सोयच आउटलुकने काढून टाकली.

बरेच जण रजिस्ट्रीऐवजी आउटलुकच्या ऑब्जेक्ट मॉडेलने जातात, म्हणजे स्क्रिप्टमधून आउटलुक उघडून त्याला अकाउंटची यादी विचारायची. दिसायला सोपं आहे, अकाउंटचा प्रकार आणि ईमेल ॲड्रेस छान मिळतो, पण आयमॅपचा सर्व्हर ते सांगतच नाही. शिवाय आउटलुक साध्या युजरने उघडलेलं आणि स्क्रिप्ट ॲडमिन म्हणून चालवलेली असेल तर दोघांची गाठ पडत नाही, एरर येते. आणि नवीन आउटलुक, जे विंडोज ११ सोबत येतं, त्याला हे मॉडेलच नाही, आणि जुन्या रजिस्ट्रीच्या जागी पण त्याचं काही सापडत नाही. ज्या मशीनवर नवीन आउटलुक आहे तिथे स्क्रिप्टने "नवीन आउटलुक, हाताने बघा" असं लिहून पुढे जावं. उगाच डोकं लावत बसू नका.

थंडरबर्डचं काम मात्र सरळ. युजरच्या ॲपडेटा रोमिंगमध्ये थंडरबर्डचं फोल्डर, त्यात प्रोफाइल्स डॉट आयएनआय, त्यावरून प्रोफाइलचं फोल्डर कळतं, आणि त्यात प्रेफ्स डॉट जेएस नावाची साधी टेक्स्ट फाइल. एकेक ओळ एकेक सेटिंग. मेल डॉट सर्व्हर डॉट सर्व्हर२ डॉट होस्टनेम अशी ओळ म्हणजे येणाऱ्या मेलचा सर्व्हर, मेल डॉट एसएमटीपीसर्व्हर डॉट एसएमटीपी१ डॉट होस्टनेम म्हणजे जाणाऱ्याचा. सॉकेटटाईप ३ असेल तर पहिल्यापासून एसएसएल, २ असेल तर स्टार्टटीएलएस (कनेक्शन झाल्यावर एन्क्रिप्शन सुरू), ० असेल तर उघडंच चाललंय, ती मशीनं वेगळी काढून ठेवा. लोकल फोल्डर्सचं पण एक अकाउंट दिसेल, त्याचा टाईप नन असतो, ते सर्व्हर म्हणून मोजू नका.

थंडरबर्डमध्ये जुन्या व्हर्जनची एक खोड आहे जी फार कमी लोकांना माहितीये. सेटिंगमध्ये जाऊन सर्व्हरचं नाव बदललं तर होस्टनेमची ओळ जुनीच राहायची आणि नवीन नाव रिअलहोस्टनेम नावाच्या वेगळ्या ओळीत जायचं. म्हणजे स्क्रिप्टने नुसतं होस्टनेम वाचलं तर बदलाआधीचा सर्व्हर दिसणार. म्हणून आधी रिअलहोस्टनेम आहे का बघा, असेल तर तेच खरं. आणि फाइल फक्त वाचायची, थंडरबर्ड चालू असताना त्यात काही लिहिलंत तर बंद होताना तो आपलं त्यावर लिहून टाकतो.

आता सगळ्यात जास्त जण जिथे आपटतात ते. स्क्रिप्ट तुमच्या स्वतःच्या मशीनवर मस्त चालते आणि सगळीकडे ढकलली की पन्नासच्या पन्नास रिकाम्या ओळी येतात. कारण ती ढकलणारं जे टूल किंवा शेड्यूल्ड टास्क असतं ते सिस्टिम अकाउंटने चालतं, आणि करंट युजर म्हणजे त्या वेळी सिस्टिम, अकाउंट्समधल्या मॅडम नव्हेत. सिस्टिमने आयुष्यात आउटलुक उघडलेलं नाही, त्याच्याकडे काय सापडणार? सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे डोमेन असेल तर ग्रुप पॉलिसीत लॉगऑन स्क्रिप्ट म्हणून लावा, ती युजरच्याच नावाने चालते. ते जमत नसेल तर एचकेई युजर्सखाली लॉगिन असलेल्या प्रत्येकाची एसआयडीच्या (विंडोज युजरला देतं तो ओळख क्रमांक) नावाची की असते, एस-१-५-२१ ने सुरू होणारी (मशीन मायक्रोसॉफ्टच्या एंट्रा आयडीला, म्हणजे आधीच्या अझ्युर एडीला, जोडलेलं असेल तर एस-१-१२-१), त्यातून वाचा. जो लॉगिनच नाहीये त्याची एनटीयुजर डॉट डॅट (त्याची रजिस्ट्री साठवलेली फाइल) लोड करावी लागते, आणि वाचून झाली की अनलोड करायला विसरू नका, नाहीतर सकाळी तो माणूस लॉगिन करतो आणि डेस्कटॉप कोरा म्हणून तुमच्या नावाने बोंब मारतो. पॉवरशेलमधून अनलोड करताना ॲक्सेस डिनाइड आलं तर घाबरू नका, पॉवरशेलनेच ती की धरून ठेवलेली असते, गार्बेज कलेक्शन करायला लावा मग सुटते. माझं मत विचाराल तर लॉगऑन स्क्रिप्टच. आठवडाभर चालू ठेवा, बहुतेक सगळे येऊन जातात. फक्त अंबड-सातपूरला बऱ्याच कंपन्यांची सुट्टी शनिवारी असते, तेव्हा शनिवारी बघून "निम्मी मशीनं आली नाहीत" म्हणून पॅनिक होऊ नका.

फाइल हातात आली की मग खरं काम सुरू. तुम्हाला दिसेल की एकाच कंपनीत, एकाच डोमेनवर, सर्व्हरची चार-पाच नावं आहेत. काहींना मेल डॉट तुमचं डोमेन, काहींना होस्टिंगवाल्याच्या सर्व्हरचं नाव, एखाद्याला सरळ आयपी ॲड्रेस. यात कोणाचा दोष नसतो, मेल डॉट डोमेनवर सर्टिफिकेटची वॉर्निंग यायची म्हणून कोणीतरी होस्टिंगवाल्याचं नाव टाकून दिलं, वॉर्निंग गेली, विषय संपला. पण होस्टिंग बदलताना हाच फरक सगळं ठरवतो. ज्यांच्याकडे तुमच्या डोमेनचं नाव आहे ते डीएनएस बदललं की आपोआप नव्या सर्व्हरकडे जातील (टीटीएल, म्हणजे जुना पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा तो आकडा, दोन-तीन दिवस आधी कमी करून ठेवा). ज्यांच्याकडे जुन्या होस्टिंगवाल्याचं नाव किंवा आयपी आहे ते जुन्याच सर्व्हरवर लॉगिन करत राहतील, तिथून मेल पण पाठवतील, आणि नवीन मेल का येत नाही म्हणून दोन दिवसांनी विचारतील. ही दुसरी यादी म्हणजे तुमची हाताने करायची मशीनं, आणि तेवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप. पॉपवाल्यांवर विशेष लक्ष ठेवा, त्यांचे मेल सर्व्हरवर उरलेलेच नसतील कदाचित, सगळं त्या एका पीसीवर. आधी त्यांचा बॅकअप घ्या, बाकी नंतर.

यादीत १२७.०.०.१ (म्हणजे तोच पीसी) दिसलं तर स्क्रिप्ट चुकली असं समजू नका. काही जुने अँटिव्हायरस मेल तपासायला मध्ये बसायचे आणि सर्व्हरच्या जागी स्वतःचा पत्ता टाकायचे, खरा सर्व्हर त्यांच्या सेटिंगमध्ये. आणि स्क्रिप्टमध्ये होस्ट्स फाइल (पीसी डीएनएसच्या आधी बघतो ती पत्त्यांची यादी) वाचायची पण सोय करा, कारण कुठल्यातरी रात्री डीएनएस चालत नव्हतं म्हणून कोणीतरी त्यात मेल सर्व्हरचा आयपी ठोकून दिलेला असतो आणि ते मशीन मग डीएनएस कितीही बदला, ऐकतच नाही.

खरंच आता कुठे कनेक्शन चालू आहे ते बघायचं असेल तर पॉवरशेलमध्ये टीसीपी कनेक्शनची यादी काढून त्यातली आउटलुक किंवा थंडरबर्डच्या प्रोसेसची तेवढी गाळून घ्या. आयमॅपवाल्यांचं ९९३ वरचं कनेक्शन प्रोग्रॅम उघडा असेपर्यंत बहुधा दिसतंच. एसएमटीपीचं मात्र मेल जाताना तेवढ्यापुरतं असतं, ते पकडायच्या नादी लागू नका. रजिस्ट्रीतलं नाव ज्या आयपीला जातंय आणि कनेक्शन ज्या आयपीला आहे, ते दोन्ही शेजारी शेजारी लिहा. जिथे जुळत नाही तिथे स्वतः जाऊन बघा.

डीएनएसवाल्या शोधाबद्दल थोडं. एमएक्स नाही तर मग काय, तर त्यासाठी एसआरव्ही रेकॉर्ड (कुठली सेवा कुठल्या सर्व्हरवर ते सांगणारी डीएनएस नोंद) आहेत. २०११ च्या आरएफसी ६१८६ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे दस्तऐवज) आयमॅप, पॉप३ आणि सबमिशनसाठी, म्हणजे मेल पाठवण्यासाठी, ही सोय ठरली, २०१८ च्या आरएफसी ८३१४ ने ४६५ वरच्या सबमिशनसाठी भर घातली. पण छोट्या होस्टिंगवर ही रेकॉर्ड्स असतीलच असा भरवसा नाही. थंडरबर्ड आपल्या पद्धतीने ऑटोकॉन्फिग नावाच्या सबडोमेनवर एक्सएमएल फाइल शोधतो, नाही मिळाली तर स्वतःच्या सामायिक यादीत बघतो. आउटलुकचं ऑटोडिस्कव्हर वेगळं. हे सगळं स्क्रिप्टने विचारून बघायला हरकत नाही, एक पथ्य पाळा: विचारताना पासवर्ड पाठवू नका. ऑटोडिस्कव्हरमध्ये सापडलं नाही की भलत्याच डोमेनला जाऊन लॉगिन माहिती देऊन येणारे क्लायंट असतात, हे २०२१ मध्ये सुरक्षा संशोधकांनी चांगलं उघडं पाडलं होतं. आणि झोहोवर असाल तर अंदाजाने नाव टाकू नका, भारतातलं खातं असेल तर नावाच्या शेवटी डॉट इन येतं आणि कंपनीच्या डोमेनचं खातं असेल तर आयमॅपप्रो आणि एसएमटीपीप्रो अशी सुरुवात असते.

एवढं करूनही काही गोष्टी कुठल्याच डेस्कटॉपच्या स्क्रिप्टला सापडणार नाहीत. स्कॅन करून मेल टाकणारा झेरॉक्स-प्रिंटर, हजेरीचं मशीन, डीव्हीआर, आणि टॅली. टॅलीमधून इनव्हॉइस मेल होत असतील तर तिथे सर्व्हरचं नाव वेगळं टाकलेलं असतं. ही यादी वहीत हाताने करा, डिस्पॅचपासून गेटपर्यंत एक फेरी मारा.

आणि तारखेचं बघा. तुमच्या कंपनीचं माहीत नाही, पण पिंपळगावकडच्या द्राक्ष एक्स्पोर्टवाल्यांना मी जानेवारी ते एप्रिलमध्ये मेलला हात लावू देत नाही, कंटेनर निघालेला असतो आणि कागदपत्रं मेलवर फिरत असतात. तुमच्याकडे पण महिनाअखेर आणि जीएसटीचे दिवस टाळा.

राहिली बॅकअपची स्क्रिप्ट. तिला सर्व्हर शोधायला लावूच नका. जी स्क्रिप्ट रात्री दोनला कोणी बघत नसताना चालते तिने अंदाज बांधायचे नसतात, आउटलुकमध्ये डोकावून कोणाचं तरी सेटिंग उचलायचं तर मुळीच नाही, त्या माणसाने पासवर्ड बदलला की तुमचे अलर्ट गुपचूप बंद. तुमच्या अंतर्गत डीएनएसमध्ये एक नाव करा, बॅकअपमेल वगैरे काहीही, आणि ऑफिसातच एक छोटा रिले सर्व्हर (मेल घेऊन पुढे पाठवणारा) ठेवून ते नाव त्याच्याकडे वळवा. प्रिंटर, हजेरीचं मशीन, बॅकअप सगळ्यांनी त्या रिलेलाच मेल द्यायचा, आणि बाहेरच्या होस्टिंगचं खरं नाव आणि लॉगिन फक्त रिलेमध्ये. बाहेरच्या सर्व्हरला नुसतं सीनेम (एका नावाला दुसऱ्या नावाकडे वळवणारं रेकॉर्ड) लावून भागत नाही, सर्टिफिकेटवर नाव दुसरं असतं आणि टीएलएस (कनेक्शनचं एन्क्रिप्शन) नाक मुरडतं. नवीन होस्टिंग मायक्रोसॉफ्ट ३६५ चं घेणार असाल तर साध्या युजरनेम-पासवर्डने लॉगिन चालेल असं धरू नका, आयमॅप-पॉपचं तसं लॉगिन त्यांनी १ ऑक्टोबर २०२२ पासून बंद करायला घेतलं होतं, थंडरबर्डवाल्यांना ओऑथ२ (पासवर्डऐवजी टोकनने लॉगिन) निवडावं लागेल आणि रिलेसाठी काय चालेल ते पैसे भरायच्या आधी विचारून घ्या. रिलेचं पोर्ट फक्त ऑफिसच्या नेटवर्कपुरतं उघडं ठेवा, बाहेरून दिसलं तर दोन दिवसात स्पॅमवाले त्यावर बसतील. आणि बॅकअपच्या स्क्रिप्टला मेल पाठवण्याआधी निकाल लोकल फाइलीत लिहायला लावा, म्हणजे मेल अडकला तरी बॅकअप झाला होता का ते सकाळी कळेल.